दोन वाक्यांमधले शिलाई मशीन

मी एक जुने शिलाई मशीन आहे. मित्रांनो, माझा काळा रंग विटला आहे आणि सोनेरी फुलांची नुसती देठे उरली आहेत. पण सुई सरळ आहे, आवाज खणखणीत आहे. म्हातारपणी आणखी काय हवे? माझ्या मनात कोणाविषयी अढी नाही. ज्यांनी मला घडवले, ज्यांनी पळवले आणि ज्यांनी परत नेले, त्या सगळ्यांचे मी आभारच मानते.

कारखान्यातून मी थेट कोट शिवणाऱ्या एका बाईंच्या घरी आले. त्यांचा उजवा गुडघा वाकत नसे, म्हणून त्या एकट्या डाव्या पायाने मला चालवत. हळूहळू माझ्या पायडलवरची नक्षी डावीकडे पार गुळगुळीत झाली. संध्याकाळी त्या मला तेल घालत आणि म्हणत, "चल, पुरे आता. तूही दम खा."

मग युद्ध आले. कोटवाल्या बाई एक बोचके घेऊन निघाल्या. जाताना त्यांनी माझ्यावर चादर घातली, जणू संध्याकाळी परतायचेच होते. पुढे सैनिक दार मोडून आत शिरले. बाकीच्यांनी घड्याळे आणि चमचे उचलले. एकाने मात्र मला हातगाडीवर चढवले, कारण त्याची बायको हाताने टाके घालून घालून बोटे सोलून घेत होती आणि तरी घरात दोन वेळचे जेवण जमत नव्हते.

तिने मला पाहिले आणि पदराने माझी धूळ पुसली. त्या घरी मी लाडाचे झाले. पुढच्याच लढाईत सैनिकाचा हात निकामी झाला, तेव्हापासून त्या घरची चूल माझ्यावर पेटू लागली. लोक म्हणत, "शिंपीणबाई, तुमच्या मशीनची टीप म्हणजे टीप!" मी फुलून जात असे.

शिंपीणबाईंचे सासरे रोज सकाळी धर्मग्रंथाचे एकच पान मोठ्याने वाचत. ना कमी, ना जास्त. ग्रंथ चांगला जाडजूड. सुरुवातीला त्यात एक वाक्य होते, 'रणात हाती लागेल ते तुमचे आहे, ते आनंदाने खा.' आणि पार शेवटाकडे दुसरे, 'ज्याचे दार मोडलेत, त्याच्या घरची सुईसुद्धा ठेवू नका.' दुसरे वाक्य येईपर्यंत पहिले कोणाच्या ध्यानात राहत नसे. एकाच घरात राहून त्या दोन वाक्यांची कधी गाठ पडली नव्हती.

एके दिवशी गल्लीत नव्याने राहायला आलेल्या एक बाई पडदा शिवायला घेऊन आल्या. स्टुलावर बसल्या. मी चालू लागताच त्यांचा डावा पाय माझ्या तालावर आपोआप हलू लागला. त्या माझ्या कोटवाल्या बाई होत्या! मला हाक मारता येत असती तर किती बरे झाले असते.

शिंपीणबाईंनी तो पाय पाहिला, मग माझे पायडल पाहिले. मी थांबले.

"ताई, तुम्ही हे मशीन ओळखता का?"

बाईंनी खुर्चीत बसलेल्या सैनिकाच्या लुळ्या हाताकडे पाहिले. "नाही हो. अशी मशिनं घरोघरी असतात," असे म्हणून त्या उठल्या आणि पडदा न घेताच गेल्या.

त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही.

"ग्रंथातच लिहिलंय, ते आपलं आहे म्हणून," सैनिक म्हणाला.

"सुईसुद्धा ठेवू नका, हेही त्यातच लिहिलंय," शिंपीणबाई म्हणाल्या. "मामंजी, यातलं खरं कुठलं?"

सासऱ्यांनी पहिल्यांदाच दोन्ही पाने एकाच वेळी उघडली आणि मागचे-पुढचे वाचून काढले. "पहिलं उपाशी सैन्याला सांगितलंय, धान्याच्या कोठारासमोर. म्हणून तर 'खा' म्हटलंय. दुसरं पोट भरून घरी परतलेल्यांना."

"आणि आपण?"

"मशीन आणलं तेव्हा आपण उपाशी होतो. आज नाही."

"उद्या मशीन गेलं की परत पहिलं वाक्य आपलंच!" सैनिक कडवटपणे हसला. त्याचे तरी काय चुकले?

शिंपीणबाईंनी माझ्यावर हात ठेवला. "उद्याचं उद्या बघू," त्या म्हणाल्या. सकाळी सैनिकाने एका हाताने हातगाडी ओढली, त्यांनी मागून ढकलली. गाडीत मी होते आणि माझ्यावर शिवलेला पडदा होता.

कोटवाल्या बाईंनी दार उघडले. आधी माझ्या पायडलवर डावा पाय ठेवला आणि मग रडल्या. शिंपीणबाई परत वळल्या, तेव्हा माझी सुई जड झाली.

"अहो, निघालात कुठे?" मागून हाक आली. "माझा डावा गुडघाही आता दुपारनंतर साथ देत नाही. सकाळी मी शिवीन, दुपारी तुम्ही या. खिडकी मोठी आहे, उजेड दोघींना पुरेल."

मित्रांनो, आता माझे पायडल उजवीकडेही गुळगुळीत झाले आहे. मला वेळच्या वेळी तेल मिळते, दोनदा मिळते. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंनाही जपा. आणि जपताना त्या कुठून आल्या, हे विचारायला लाजू नका.

त्या खिडकीत दोघींनी मिळून माझ्यावर पहिल्यांदा शिवली ती कापडाची एक लांब पट्टी, सासऱ्यांच्या ग्रंथासाठी. तिचे एक टोक पहिल्या वाक्यापाशी असते आणि दुसरे टोक दुसऱ्यापाशी. आता एक पान उघडले की दुसरेही उघडावे लागते.