चार बोटं वाढलेला नंदी

सुखरामच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी बैलगाडीवर उभं, कोणी न्हाणीच्या भिंतीवर, आणि शेजारचा मंगरू तर चक्क पेरूच्या झाडावर चढलेला. सगळ्यांच्या माना एकाच दाराकडे वळलेल्या. दाराच्या आत आमचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी होता, चांगला वासराएवढा, पायाला चाकं, पाठीवर झूल. त्याच्या पोटाला पिवळी दोरी गुंडाळून भय्याजी महाराज उभे होते. दोरीची टोकं जुळत नव्हती. मध्ये चार बोटांची फट राहत होती.

"बढ गया! भक्तहो, नंदी आज फिर बढ गया!" महाराज स्टँडवरच्या मोबाईलकडे बघून ओरडले. "सकाळी हीच दोरी बरोबर बसली होती का नाई?"

"बसली होतीऽ!" अंगण गरजलं.

"ही एनर्जी हाये, एनर्जी! लाकूड श्वास घेऊन राहिलं! लाईव्हवाले, कमेंटमध्ये 'जय नंदी' लिहा. नाई लिहिलं तर आपापल्या जिम्मेदारीवर!"

लोक भराभरा लिहायला लागले. आणि मी त्याच खोलीत, नंदीच्या शेपटीजवळ, दात आवळून उभी होते. बाहेर जायची मला मुभा नव्हती.

मी रेणू, सुखरामची धाकटी बहीण. वरठीला शाळेत विज्ञान शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी मोबाईलसमोर बसून जगातल्या अचाट बातम्यांवर तोंड सोडते. कोणी फ्रीजशी लग्न लावलं, कोण्या नटीच्या कुत्र्याच्या वाढदिवसाचा केक क्रेननं उतरवला, कोणाच्या भाकरीवर देव उमटला. 'आयकलं का बाप्पा?' म्हणून सुरुवात करायची, की लोक पोट धरून हसतात. आता पाळी माझ्या माहेराची आली होती. शाळेतल्या अश्वजित सरांनी हाच व्हिडिओ मला पाठवला आणि खाली लिहिलं, 'मॅडम, हे गाव तुमच्याच दिघोरीकडलं दिसते. लवकर काहीतरी बोला, मजा येईल!' अहो सर, काय बोलू, कपाळ? त्या व्हिडिओत नंदीच्या मागं जी बाई दिसते ना, ती मीच आहे.

झालं असं. पोळ्यासाठी मी एका जोडी कपड्यानिशी माहेरी आले. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन घरोघर फिरतात आणि बोजारा म्हणून खाऊ-पैसे मिळवतात. आमचा नंदी आजोबांनी सुताराकडून करवून घेतलेला, गावात सगळ्यात मोठा. वर्षभर तो मधल्या खोलीत राहतो आणि त्या एका दिवशी बाहेर निघतो. यंदा मात्र पोरांनी ओढला आणि खट्! शिंगं चौकटीला वर अडली. मागं घेतला, पुन्हा ओढला. पुन्हा खट्!

"अव माय, नंदी वाढला!" शकुनवहिनीच्या तोंडून निघून गेलं, आणि दुपारपर्यंत ते गावभर झालं. संध्याकाळी कुठून तरी भय्याजी महाराज दोरी, हळदीच्या तीर्थाचं घंगाळ आणि मोबाईलचा स्टँड घेऊन हजर झाले. त्यांनी नंदीच्या कानाला कान लावला, डोळे मिटले आणि हुकूम सोडला. "नंदी स्वतःहून निघेल. त्याच्याआधी या घरातल्या बाईनं उंबरठा ओलांडायचा नाई. ओलांडला, तर गावाच्या एकाही बांधीत धानाला लोंब धरणार नाई."

धानाचं नाव निघाल्यावर काय बोलता! सगळ्या गावाचं धान बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, उभं होतं. समोरच्या दारात बापे बसले, मागच्या दारात बाया. परसाची तेवढी सूट, पण तिथंही दोघी सोबत. आणि गंमत म्हणजे कोणाचा राग नाही, कोणाची शिवी नाही. "घे वं रेणूताई, चहा पी," म्हणत प्रेमानं कोंडून ठेवत होत्या. मी नोकरीवाली, चार लोकांत बोलणारी बाई, आणि कपबशी हातात धरून कैद!

पण माझं काय, शाळेत रजा टाकता येते. खरा फास राखीच्या गळ्याला होता. राखी सुखरामची पोरगी. तिला नागपुरात नर्सिंगला जागा मिळाली होती आणि सोमवारी तिथं हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा दुसरीला. बॅग भरून ती पलंगावर बसली होती, आणि उद्यावर सोमवार आला होता.

"आत्या, तू तर जगाले हसवते," ती मला म्हणाली. "मले अठून काहाड ना."

मी सुखरामला बाजूला घेतलं. "दादा, अरे उन्हाळ्यात तू या खोलीत टाईल्स बसवल्या. मातीची जमीन होती, तिच्यावर गिट्टी, सिमेंट, टाईल्स. जमीन वर आली आणि नंदी तिच्यावर चढला. चौकट तर तिथंच हाये!"

"टाईल्स म्या बसवल्या, मले शिकवू नको," तो खेकसला. "आन् दोरीचं काय मंग? दोरी रोज कमी पडून राहिली, ते बी टाईल्सनं?"

लोखंडी टेपनं मोजू म्हटलं, तर महाराज म्हणाले, "लोहा वर्ज्य!" रोज चार बोटं वाढतो तर एव्हाना छप्पर फोडून निघायला पाहिजे होता, म्हटलं. त्यावर म्हणे, "तो आतून वाढते, बाई. बाहेरून दिसत नाई." घ्या! आतून वाढतो आणि बाहेरून मोजतात.

खरं सांगू? सुखराम तेवढा भोळा नाही. पोरीला एकटी नागपूरला धाडायची त्याला आधीपासून धास्ती होती, आणि नाही म्हणायची हिंमत नव्हती. आता नंदीच नाही म्हणत होता, त्याला आणखी काय पाहिजे?

दोरीचं उत्तर सापडलं ते परसात, आणि कशात, तर परकराच्या नाड्यात. एका जोडीवर आलेली मी, कपडे धुणार आणि तेच पुन्हा घालणार. परकर नवा, नाडा सुती, घट्ट पिळाचा. पावसाळी हवा, वाळायचं नाव नाही, म्हणून रविवारी सकाळी ओलाच चढवला. बघते तर नाडा गाठीला पुरेना! काल बांधून वर फुलासारखी गाठ मारली होती, आज टोकाला टोक लागत नव्हतं. क्षणभर वाटलं, कोंडून खाऊन खाऊन माझंच पोट सुटलं. मग हातातल्या ओल्या नाड्याकडं पाहिलं आणि मी एकटीच खो-खो हसत सुटले. दाराशी बसलेल्या वच्छलाकाकू घाबरल्या. "बाई गंऽ, इच्याबी अंगात आला का काय!"

दुपारच्या लाईव्हला मी हात जोडून पुढं झाले. "महाराज, नंदीच्या एवढे जवळ राहता. थोडी एनर्जी तुमच्यातबी आली असंन. एकदा तुमचं पोट मोजू का?"

"हमारा? नको, नको."

"मोजाऽ मोजाऽ!" अंगणातून गलका उठला. पेरूवरून मंगरू ओरडला, "महाराज, कमेंटमध्येबी मोजा म्हणून राहिले!"

आता महाराज फसले. समोर मोबाईल, मागं नंदी. मी त्यांच्याच गुंडाळीतली कोरी दोरी घेतली, त्यांच्या पोटाला बरोबर बेतानं लावली आणि टोकाशी कापली. मग ते रोज बुडवतात तशी त्यांच्याच घंगाळात बुडवली. वहिनीला म्हटलं, "आरती म्हणा." आरती संपली. दोरी काढली, पिळली, पुन्हा पोटाला लावली.

चार बोटं कमी!

अंगण असं फुटलं की पेरूची फांदी हलली. "महाराज वाढले! जय महाराज!"

"ते... ते आम्ही महाप्रसाद घेतला ना," महाराज घाम पुसत म्हणाले.

"बरं. मंग खांबाले लावू. खांब तं जेवला नाई." मंगरूला खाली बोलावलं. त्यानं स्वतःच्या हातानं ओसरीच्या जाड खांबाला कोऱ्या दोरीचे चार वेढे घेतले, बेतानं कापली, बुडवली, पुन्हा वेढली. खांबही वाढला. आता मात्र कोणी हसलं नाही.

"सुती दोरी, घट्ट पिळाची," मी म्हटलं. "पाणी प्याली का तिचे धागे फुगतात, पीळ आवळते आन् दोरी आखूड होते. महाराज रोज कोरी दोरी आणतात, कोरडी मोजतात, तीर्थात बुडवतात, ओली लावतात. नंदी तेवढाच हाये. दोरी आटते."

"पन दारात काहून अडला?" दारात बसलेल्या धनीराम पाटलानं विचारलं.

"मंगरू, तुझा पुढचा दात कुठं पडला होता?"

"याच उंबरठ्यावर. लहानपनी ठेच लागून पडलो होतो."

"दाखव बरं, आता ठेच कशी लागते ते."

मंगरूनं खोलीच्या आतून पाय घासत नेला. पाय सरळ बाहेर गेला, कुठं अडलाच नाही. टाईल्स उंबरठ्याच्या बरोबरीला आल्या होत्या. पूर्वी चाकं उंबरठ्यावर चढायच्या आधीच शिंगं चौकटीखालून निघून जायची. सगळ्या गावानं त्या उंबरठ्यावर कधी ना कधी ठेच खाल्लेली. त्यांना आणखी काय सांगायचं? माना हलायला लागल्या. तेवढ्यात महाराजांनी लाईव्ह बंद केलं आणि स्टँड आवरायला घेतला.

सुखराम खाली बघत पुटपुटला, "चाकं ठोकून काहाडतो. मंग निघंन नंदी. आधी नंदी निघू दे, मंग राखी..."

म्हणजे अजूनही! मी बोलायला तोंड उघडलं, पण राखी पलंगावरून उठली होती. बॅग खांद्यावर. दारात बसलेले बापे तिच्याकडं बघत राहिले. ती नंदीच्या बाजूनं आली, बापासमोर थांबली.

"बाबा, तुमाले भेव वाटते ना? मलेबी वाटते. पन ते नंदीच्या नावानं नोका सांगू."

आणि तिनं नंदीच्या आधी उंबरठा ओलांडला. कोणी अडवलं नाही. धनीराम पाटील सरकून बसला आणि त्यानं वाट दिली. सुखराम एकदम मोटारसायकलची चावी घेऊन तिच्या मागं धावला. "थांब वं, टेशनावर मी सोडतो!"

दिवाळीच्या सुट्टीत राखी घरी आली तेव्हा शेतात धान कापणीला आलं होतं. एकूणएक बांधीत लोंब धरली होती, धनीरामच्यासुद्धा.

तेव्हा बाप्पांनो, उद्या तुमच्या मोबाईलवर असा वाढणारा बैल येईल. त्याला हसा, जरूर हसा, मीही हसते. पण हसून पुढं सरकू नका. तो बैल कोणाच्या तरी दारात अडलेला असतो आणि त्याच्या मागं कोणाची तरी पोरगी बॅग भरून बसलेली असते. एकदा विचारा की दोरी कोणाची आणि मोजतं कोण. नाही कळलं तर स्वतः मोजून बघा. तेवढी अक्कल आपल्या सगळ्यांकडं आहे, फक्त ती वापरायला महाराजांची परवानगी मागत बसू नका.