दिपमाला पेंटरची शिडी

तेरा पायऱ्यांची, बांबूची आणि आता डाव्या अंगाला थोडी वाकलेली अशी मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो. जळगावात एका लहानशा चित्रशाळेच्या ओसरीत मी भिंतीला टेकून असते. माझ्यावर आता कोणी चढत नाही. ओले ब्रश, फडकी आणि मुलांची चित्रं वाळत घालायला माझा उपयोग होतो. माझ्या अंगावर रंगाचे इतके थर चढलेत की मूळचा बांबू शोधावा लागतो. नवी मुलं नखाने ते थर खरवडतात आणि विचारतात, हा निळा कशाचा, हा हिरवा कशाचा. म्हणून म्हटलं, आज सांगूनच टाकावं.

माझा जन्म शिरपूरचा. सातपुड्यातून आलेले जाड बांबू निवडून भागाबाईंनी मला घडवलं. त्या टोपल्या आणि सुपं विणायच्या. शिडी क्वचितच करायच्या, पण केली की जीव लावून. आठ दिवस त्यांनी मला सावलीत वाळवलं आणि जवसाचं तेल पाजलं. सोनगीरचे योगराज पेंटर मला घ्यायला आले, तेव्हा ते तीनदा वर चढले, तीनदा खाली उतरले आणि म्हणाले, "चांगली शे."

तेवढी शाबासकी मला खूप दिवस पुरली.

योगराज पेंटर पाट्या रंगवायचे. हायवेवरचे ढाबे, पंक्चरची दुकानं, रसवंत्या, शाळांच्या भिंती, सगळीकडे त्यांचं अक्षर होतं. त्यांचा 'म' लांबूनही ओळखू यायचा, कारण त्याची गाठ ते अशी काढत की जणू कोणी ऐसपैस मांडी घालून बसलंय. शाळा सुटली की त्यांचं नऊ वर्षांचं लेकरू धावत यायचं आणि मला खालून घट्ट धरायचं.

त्या लेकराच्या जन्माच्या वेळी मुलगा झाला म्हणून पेढे वाटले होते. पण ती स्वतःला मुलगीच समजायची, म्हणून मीही तिला 'ती'च म्हणते. घरच्यांनी ठेवलेलं नाव मी सांगणार नाही. तिला ते नको आहे.

ते दिवस फार गोड होते. ढाब्यामागच्या निंबाखाली बेबाबाईंनी, म्हणजे तिच्या आईने, बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा बापलेक मिळून खायचे. मग योगराज तिचा हात हातात धरून अक्षर गिरवून घ्यायचे. "ब्रश दाबू नको," ते सांगायचे. "दमनं घे. अक्षर आपोआप येस." बाराव्या वर्षी तिने एकटीने पहिली पाटी रंगवली. माझ्या चौथ्या पायरीवर उभी राहून तिने 'थंडगार ताक' लिहिलं आणि योगराज रस्त्याच्या पलीकडे जाऊन बराच वेळ ती पाटी बघत राहिले.

ती सोळा वर्षांची असताना एक दिवस तिने डब्यात उरलेला लाल रंग नखांना लावला. मला धरलेले तिचे हात योगराजांनी वरून पाहिले. ते खाली उतरले आणि रॉकेलच्या बोळ्याने तिचं एकेक नख पुसून काढलं. दहाही नखं पुसली आणि पुन्हा वर चढून पाटी लिहू लागले. "ओरडले असते तर बरं झालं असतं," असं ती पुढे कधीकधी म्हणायची.

त्यानंतर गावात कुजबुज वाढली. तिच्या चालण्यावरून पोरं चिडवू लागली. एकोणीस वर्षांची झाली, तेव्हा ती अंगणात बापासमोर उभी राहिली. मी तिथेच भिंतीला टेकलेली होते.

"आबा, मी पोरगा नही शे," ती म्हणाली.

योगराजांनी मान वर केली नाही. "मंग तुनं आठे काय काम शे?" ते म्हणाले. "जाय. परत येऊ नको."

तिने पिशवीत चार ब्रश टाकले आणि ती निघून गेली.

मग माझे वाईट दिवस आले, मित्रांनो. फ्लेक्सचे बोर्ड आले आणि हाताने पाट्या लिहून घेणारं कोणी राहिलं नाही. योगराजांचे हात थरथरू लागले. मला घरामागे टाकलं. माझ्यावर गिलक्याचा वेल चढला, पायऱ्यांवर साळुंक्या बसू लागल्या. बेबाबाई घरामागे येऊन फोनवर हळूच बोलायच्या, "जेवनी का? नीट ऱ्हास ना?" त्यावरून मला एवढंच कळायचं की ती कुठेतरी आहे आणि जेवते आहे. अशी नऊ वर्षं गेली.

एका सकाळी ढाबेवाले अभिमनभाऊ हातात मोबाइल घेऊन आले. "योगराजभाऊ, हाई देखा," ते म्हणाले आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली.

ती जळगावात होती. तिने आपलं नाव दिपमाला ठेवलं होतं. इंदिराबाई नावाच्या वयस्क गुरूंनी तिला आसरा दिला होता. तिच्यासारख्याच सातआठ जणी तिथे एकत्र राहायच्या. त्यांच्यात मोहिनी नावाची एक हसरी बाई होती. मे महिन्यात भर बाजारात तिला ऊन लागलं. दिपमाला आणि इंदिराबाई तिला रिक्षात घालून एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. कागद करणारा माणूस म्हणाला, "कार्डावर नाव वेगळं, ही सांगते वेगळं. मी लिहू काय?" पुरुषांच्या वॉर्डात नेलं तर तिथले लोक हसले. बायकांच्या वॉर्डात घेतलं नाही. मोहिनीला बाहेरच्या बाकावर बसवलं. ठरवाठरव चालूच राहिली. इंदिराबाई ओल्या पदराने तिचं तोंड पुसत होत्या. संध्याकाळ व्हायच्या आत मोहिनीने त्याच बाकावर जीव सोडला.

दिपमालाने दवाखान्याजवळच्या एका पडक्या कंपाउंडवर तिचं चित्र काढलं. हिरवी साडी नेसून बाकावर बसलेली मोहिनी, मांडीवर पिशवी, आणि खाली एक प्रश्न: 'माझं नाव मोहिनी. मला कुठे झोपवाल?' दुसऱ्याच दिवशी कोणीतरी त्यावर चुना फासला. मोबाइलमध्ये दोन फोटो होते, एक चुन्याआधीचा आणि एक नंतरचा.

योगराजांनी पहिला फोटो डोळ्यांजवळ नेला. चेहऱ्याकडे नाही, ते अक्षरांकडे बघत होते.

"हाऊ 'म' मन्हा शे," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मन्हाच शे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्यावरचा वेल सोडवला. बेबाबाईंनी मला धुतलं, तेलाचं फडकं फिरवलं आणि भाकरीचं गाठोडं बांधून दिलं. अभिमनभाऊंच्या टेम्पोत घालून आम्ही जळगावला निघालो.

दवाखान्याच्या फाटकासमोर चहा विकणाऱ्या ताईबाईंनी ते चित्र पुन्हा काढायला आपल्या घराची भिंत देऊ केली होती. "भिंत माझी आहे," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होत्या. "पुसायची असेल त्याने आधी मला विचारावं." दिपमाला एका डुगडुगत्या स्टुलावर उभी राहून रेषा आखत होती. टेम्पो थांबला आणि तिने वळून पाहिलं. नऊ वर्षांनी बापलेकीची नजर भेटली. मला वाटलं, आता एकतर भांडण होईल नाहीतर रडारड होईल. योगराजांनी फक्त मला उतरवलं आणि भिंतीला लावलं.

"स्टूल काढ," ते म्हणाले. "मन्हा हात आते थरथरतस. लिखता येत नही. पन शिडी धरता येस. तू चढ."

ती चढली. मी तिचे पाय ओळखले, फक्त टाचांना आता भेगा पडल्या होत्या.

दुपारी तीनचार माणसं येऊन उभी राहिली. त्यातला एक म्हणाला, "हे चित्र इथे नको. लहान मुलं जातात येतात. आणि आजोबा, तुम्ही या वयात ह्यांच्यात कुठे?"

योगराजांनी मला सोडलं नाही. मान तेवढी वळवली. "मी योगराज पेंटर, सोनगीर," ते म्हणाले. "आन् वर शे ती मन्ही पोर शे."

वर ब्रश थांबला. हिरव्या रंगाचे थेंब माझ्या नवव्या पायरीवर पडत राहिले, कारण तिला डोळ्यांपुढे काही दिसत नव्हतं. मुलांनो, तुम्ही ज्या हिरव्या डागाबद्दल विचारता, तो हाच. ती माणसं थोडा वेळ घुटमळली. ताईबाईंनी त्यांच्यापुढे चहाचे कप ठेवले आणि म्हणाल्या, "प्या, आणि मग भिंत बघा. नीट बघा."

चित्राभोवतीची जागा दिपमालाने मोकळी ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याने स्वतःला आवडतं ते आपलं नाव तिथे लिहायचं, अशी तिची कल्पना होती. पहिला ब्रश योगराजांनी मागितला. हात थरथरत होता म्हणून त्यांनी मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"तुनं नाव लिखस," ते म्हणाले. "दि ऱ्हस्व का दीर्घ?"

"ऱ्हस्व, आबा."

"शुद्धलेखनमा दीर्घ शे."

"मी ऱ्हस्वच लिखस."

"मंग ऱ्हस्व," योगराज म्हणाले आणि त्यांनी वाकड्यातिकड्या अक्षरात 'दिपमाला' लिहिलं. जन्मभर सरळ रेघ मारणाऱ्या त्या माणसाची ती एकच वाकडी पाटी मी पाहिली.

महिनाभरात भिंत नावांनी भरली. केळीचे व्यापारी, कॉलेजची मुलं, रिक्षावाले, नर्सबाई, सगळ्यांनी लिहिलं. एक दिवस दवाखान्यातल्या एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनीही नाव लिहिलं आणि बराच वेळ मोहिनीसमोर उभ्या राहिल्या. मग अर्ज, बैठका, खेपा सुरू झाल्या. दिपमाला आणि इंदिराबाईंनी हेलपाटे घालून चपला झिजवल्या. मध्येच योगराज वारले. शेवटी दवाखान्यात त्यांच्यासारख्यांसाठी चार खाटांची एक खोली मिळाली, आणि कागदावर कोणतं नाव लिहायचं याचा नियमही झाला.

पाटीवर काय लिहायचं ते डॉक्टरबाईंनी कागदावर दिलं होतं: 'तृतीयपंथीयांसाठी राखीव'. इंदिराबाई म्हणाल्या, "ताई, असं वाचून आमची कोणी आत येणार नाही. कोण बघतंय, हेच बघत दाराबाहेर उभी राहील." डॉक्टरबाईंनी कागद घडी करून खिशात घातला आणि त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच सांगा."

दिपमाला माझ्यावर चढली आणि तिने दारावर लिहिलं: 'या. आधी बसा. नाव तुम्ही सांगाल तेच लिहू.'

उतरताना माझी सातवी पायरी कडकन तडकली. दिपमाला पडली नाही, पण माझं काम तिथे संपलं. टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता, म्हणून मला तिथेच दाराशेजारी ठेवलं. त्यामुळे पुढची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली.

सकाळच्या गाडीने बोदवडहून एक बाई आपल्या तापाने फणफणलेल्या लेकराला घेऊन आली. शर्टपँट घातलेलं, सतराअठरा वर्षांचं. आईने पाटी मोठ्याने वाचली. दोघं आत जाऊन बसली. नर्सबाईंनी पेन उचललं आणि विचारलं, "नाव?"

आई सांगणार होती, पण नर्सबाई लेकराकडे बघत होत्या. त्या पेन धरून थांबल्या. मग खाली मान घालून उत्तर आलं, "भाविका."

आई ते नाव पहिल्यांदाच ऐकत होती. तिने लेकराकडे पाहिलं, नर्सबाईंच्या पेनाकडे पाहिलं, आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"लिहा," ती म्हणाली. "भाविका लिहा. तीन दिवसांपासून काही खाल्लं नाही तिने."

मित्रांनो, तेव्हापासून मी इथे, दिपमालाच्या चित्रशाळेत आहे. मला कधीमधी तेलाचं फडकं फिरवा, उन्हापावसात टाकू नका, एवढं माझ्यासाठी पुरे. तुमच्याकडे मागणं आहे ते वेगळं आहे. कोणी नवं भेटलं की त्याला त्याचं नाव विचारा. सांगायला वेळ लागला, तर थांबा.