मी लिहिलेलं कुणी वाचत नाही

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका चादरीच्या कारखान्यातला जुना संगणक आहे. माझ्यात लिनक्स नावाची प्रणाली चालते. अंगावर सुताची धूळ, डोक्यावर चहाच्या कपाची गोल खूण. चौदा वर्षं चादरींची नक्षी मी सांभाळली. माणसांबद्दल माझं मत चांगलं नाही, ते आधीच सांगून टाकतो.

त्याला अपवाद फक्त सुंदरम्माक्कांचा. नक्षी त्या काढत, आणि मी पडद्यावर जे लिहीन ते पेन्सिलीनं चौकटीच्या कागदावर उतरवून घेत. नक्षीचा कप्पा फक्त 'नक्षी' गटातल्या माणसांना उघडायचा, असं मला सांगून ठेवलेलं. अक्का पहिल्या दिवसापासून त्या गटात होत्या. मागावरचा ताणा मध्येच कुणी तोडत नाही, तशा त्या मला मध्येच बंद करत नसत. आठ-आठ दिवस लॉगिन तसंच राही.

मग मालक गुरप्पाअण्णांचा पुतण्या शिवराज पुण्याहून कोर्स करून आला. प्रमाणपत्र फ्रेम करून त्यानं माझ्याच डोक्यावर टांगलं. टॉवेलची नक्षीही अक्कांनीच काढावी म्हणून शुक्रवारी त्यानं मला हुकूम दिला की त्यांना 'टॉवेल' गटात घाल. जुना गट राहू दे, हे सांगायचं या विद्वानाला सुचलं नाही. मी सांगितलं तेवढंच करतो. 'नक्षी'तून अक्कांचं नाव गेलं. पण चालू लॉगिनला जुने गट तसेच राहतात, म्हणून शनिवारी काम सुरळीत झालं. सोमवारी लाइट गेली आणि मी बंद पडलो. अक्कांनी पुन्हा लॉगिन केलं, कप्पा उघडायला गेल्या, तेव्हा मी लिहिलं, 'परवानगी नाही'.

शिवराजनं ते वाचलंच नाही. "तुमचा पासवर्ड चुकतोय, अक्का," म्हणाला. तीनदा पासवर्ड बदलला. टाइप करताना पासवर्ड मी पडद्यावर दाखवत नाही, तर कीबोर्ड बिघडला म्हणून त्यानं तो उलटा करून आपटला. अरे शहाण्या, पासवर्ड चुकला असता तर मी अक्कांना आतच घेतलं नसतं.

तिकडे माग थांबलेला. गुरप्पाअण्णा आले.

"अक्का, वय झालं आता. उद्यापासनं तुमी गठ्ठे बांधायला बसा. हितं शिवराज बसंल."

चौदा वर्षांची खुर्ची त्या गाढवापायी जाणार होती. मला फार वाईट वाटलं. पण अक्कांनी चौकटीचा कागद पुढे केला.

"अण्णा, पासवर्ड चुकला असं ह्या मशीननं म्हनलंच न्हाय की. परवानगी न्हाय म्हनलंय. मी कुटल्या गटात हाय, ते इचारू द्या."

त्यांनी विचारलं. मी लिहिलं, 'टॉवेल'. 'नक्षी' नव्हतंच.

"हे कवा झालं, ते बी ह्यात लिवलेलं असतंय. दाखव, शिवराज."

अण्णा शेजारीच उभे होते, त्यामुळे शिवराजला नोंद उघडावी लागली. शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं, हुकूम शिवराजचा.

त्यानं अक्कांचं नाव 'नक्षी'त परत घातलं. तरी कप्पा उघडेना. "बघा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पुन्हा फुलला. शनिवारी चाललं आणि लाइट गेल्यावर अडलं, हे अक्कांनी ध्यानात ठेवलं होतं. त्या लॉगिनमधून बाहेर पडल्या, पुन्हा आत आल्या. मोराची चादर पडद्यावर आली.

"बसा तुमच्या जाग्यावर," अण्णा म्हणाले. पण पुतण्या चुकला, हे काही त्यांच्या तोंडून निघेना. "मशीनच लई जुनं झालंय."

"व्हय अण्णा," शिवराज लगेच म्हणाला.

आता मी दाराशी पोत्यावर पडून आहे, भंगारवाला यायचाय. माझ्यातली नक्षी अक्कांनी स्वतः नव्या संगणकात उतरवून घेतली आणि जाताना माझ्यावरची धूळ पदरानं पुसली.

मित्रांनो, मला पुसा, मला जपा, असं मी म्हणणार नाही. ते तुमच्याच्यानं व्हायचं नाही. संगणक काय लिहितो तेवढं वाचत जा आणि मग ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर ओरडा. नव्या संगणकातही लिनक्सच आहे. आज सकाळी त्यानं पहिली सूचना लिहिली. शिवराजनं ती न वाचताच पुसून टाकली. शेजारी अक्का पेन्सिलीला टोक काढत होत्या.