आंबेखोलचा फळा

करी रोडच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर आंबेखोल गावाची खोली आहे. चाळ पडली तेव्हा ज्याला त्याला ब्लॉक मिळाला, तसा गावालाही मिळाला, कारण खोली पहिल्यापासून मंडळाच्या नावावर होती. गिरणीत राबणाऱ्या बापजाद्यांनी ती घेतलेली. कोकणातून पोटासाठी आलेल्याने पहिली पथारी इथे पसरायची आणि जरा पाय रोवले की गावासाठी काहीतरी करायचं, असा रिवाज. वसंतनाना परब अठ्ठावीस वर्षं या मंडळाचे सेक्रेटरी. विमा कंपनीतल्या कारकुनीतून ते कधीच निवृत्त झाले, पण मंडळाचा रबरी शिक्का काही त्यांच्या शबनममधून निवृत्त झाला नाही.

मंडळाने गावात पुष्कळ केलं, पण नानांचा जीव शाळेत. ते स्वतः तिथे शिकले होते, गळक्या कौलांखाली पाटी पोटाशी धरून. त्याच शाळेला मंडळाने स्लॅब घातला, नळ आणला, मुलींसाठी संडास बांधला. आता नानांच्या मुलाने, शंतनूने, टोरंटोतल्या मित्रमंडळींना गाठून एक भला मोठा डिजिटल फळा द्यायचं ठरवलं होतं. कॅनडात बसून पोराला गाव आठवतं, हे नाना लालबागला मसाल्याच्या मिरच्या निवडतानासुद्धा दुकानदाराला सांगत. दुकानदार बिचारा मान हलवायचा.

एप्रिलमधल्या एका रविवारी सभा भरली. विषय एकच, फळ्याखालच्या पाटीवर नावं कोणाची घालायची. वाद चांगला रंगात आला होता, इतक्यात दारात शाळेच्या सीमाबाई उभ्या. शाळेला त्या एकट्याच शिक्षिका, आणि थेट गावाहून आलेल्या. सगळ्यांना वाटलं, पंखे मागायला आल्या असतील. बाई पाणी प्यायल्या, पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला आणि नानांपुढे ठेवला.

चार वर्षांत शाळा सोडून गेलेल्या मुलांचे दाखल्यासाठीचे ते अर्ज होते. प्रत्येकाला एकेका पत्राची प्रत टाचलेली. सदर विद्यार्थी आमच्या गावचा असून होतकरू आहे, तरी मुंबईतील आपल्या शाळेत त्यास प्रवेश द्यावा. खाली नानांची सही आणि मंडळाचा शिक्का. अशी तेरा पत्रं. नाना दर उन्हाळ्यात ती लिहीत. गावचं पोर मुंबईत चांगल्या शाळेत चिकटवून देणं हे मंडळाचं जुनं पुण्यकर्म, आणि गावची शाळा सजवणं हेही पुण्यकर्मच. एका हाताने पिंप भरायचं आणि दुसऱ्या हाताने तळाचं बूच काढायचं. इतकी शहाणी माणसं जमत होती दर महिन्याला, पण हे एकालाही दिसलं नाही.

"नाना, मला फळा नको," सीमाबाई आवाज न चढवता म्हणाल्या. "मला दोन मुलं द्या. दगडूची नूपुर आणि नील. ती दोघं गेली की पट शून्य, आणि शाळा बंद. त्यांचं पत्र तेवढं लिहू नका."

दगडू म्हणजे नानांचा पुतण्या, गावचं घर आणि आंब्याची कलमं सांभाळून राहिलेला. त्याच्या मुलांचं पत्र नानांच्या शबनममध्ये लिहून तयार होतं, फक्त शिक्का मारायचा बाकी होता. सभेत कोणीतरी चहा सांगितला, आणि कोणीतरी म्हणालं की बाईंचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. म्हणजे काय, ते बाईंना बरोबर कळलं. नानांनी मात्र भर सभेत शब्द दिला, की दगडूशी मी बोलतो.

आणि ते बोललेही. स्लॅब सांगितला, नळ सांगितला, कॅनडाचा फळा तर दोनदा सांगितला. मातृभाषेतल्या शिक्षणावर सभेत करायचं भाषण फोनवरच करून टाकलं. दगडूने सगळं मुकाट ऐकून घेतलं. काकांना तो जन्मात उलट बोलला नव्हता.

"काकानू," तो शेवटी म्हणाला, "शाळा येवढी बरी, तर शंतनूक थंय कित्याक नाय घातलात?"

नाना तापले. वडीलधाऱ्यांशी कसं बोलावं हे त्याला चार शब्दांत सुनावून त्यांनी फोन ठेवला. नानांच्या पत्नी लतिकाबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, की त्यात तो खोटं काय बोलला? खरं तर नानांना राग आलाच नव्हता. लाज वाटली होती, आणि लाज वाटली की ते चिडायचे. तीन दिवस पत्र शबनममध्ये तसंच राहिलं. चौथ्या दिवशी नानांनी स्वतःला विचारलं, दोन लेकरांचं नुकसान करून शाळा जगवायची, हे कुठल्या न्यायात बसतं? वाक्य छान जमलं होतं. त्यांनी शिक्का मारला.

जूनच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी फळ्याचं उद्घाटन झालं. सीमाबाई गावात, शाळेत मोबाइल धरून एकट्याच. शंतनू टोरंटोत, नुकताच उठलेला. मंडळ आपल्या खोलीत टीव्हीसमोर, आणि सर्वांत पुढे सतरंजीवर आठवड्यापूर्वी आलेली दगडूची दोन्ही मुलं. टीव्हीवर वर्ग दिसला तशी नूपुर ताडकन उठून उभी राहिली.

"आजोबा, आमची शाळा! मी थंय खिडकीकडे बसतंय."

तिकडून शंतनूने विचारलं, की बाबा, मुलं कुठे आहेत, एक फोटो हवाय सगळ्यांना दाखवायला. सीमाबाईंनी मोबाइल रिकाम्या वर्गभर सावकाश फिरवला. नाना घाईघाईने म्हणाले, अजून सुट्टी आहे ना, आणि आधी गाऱ्हाणं घालू, फोटोचं मग बघू.

कुठल्याही कामाआधी नारळ ठेवून गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचं, मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी हो म्हणायचं, ही आंबेखोलची रीत. शब्द नानांना पाठ होते. ते शबनम खांद्याला लावूनच उभे राहिले.

"बा देवा रवळनाथा, तुझ्या लेकरांनी आज जो फळो दिलो हा, तो मान्य करून घे."

"व्हय म्हाराजा."

"गावची पोरां थंय शिकान शाणी होवंदेत."

"व्हय म्हाराजा."

"आणि शाळेच्या वाटेत जो कोण आडवो येयत..."

नाना थांबले. शबनममधला शिक्का बरगडीला लागत होता. टीव्हीतून सीमाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या. पण गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं.

"तेचा वाटोळा कर," नाना पुटपुटले.

"व्हय म्हाराजा," सगळी खोली म्हणाली. सर्वांत मोठा आवाज नूपुर आणि नीलचा होता.