खाऱ्या बांधावरचा कळप

माझी धाकटी मुलगी तेजल लग्न होऊन बोईसरला गेली ते साल दोन हजार बावीस. वैशाखात लग्न झालं आणि त्याच पावसाळ्यात आमच्या शेळ्यांची चरायची जागा गेली. गावाबाहेरच्या माळावर प्लॉट पडले, भोवती तार आली. बत्तीस शेळ्या, दोन बोकड, आणि चरायला उरली फक्त रस्त्याची कड. त्या रस्त्यावरून दिवसभर टेम्पो आणि कामगारांच्या बसगाड्या धावतात. भाद्रपदात एक गाभण शेळी टेम्पोखाली सापडली. तेव्हा मी जमनाला म्हटलं, "देवदिवाळीपर्यंत जागा नाय मिळाली तर कळप विकून टाकू." बोईसरचा व्यापारी दोनदा बघून गेला होता.

जमना माझी बायको. कळप तिचा. लग्नात माहेरहून तिने दोन शेळ्या आणल्या होत्या, बाकीच्या सगळ्या त्या दोघींच्या लेकी, नाती, पणत्या. कुठली कुणाची ते ती तोंडपाठ सांगायची. विकायचं ऐकल्यावर दोन दिवसांनी भाकरी थापता थापता म्हणाली, "खाडीच्या बांधावर रान माजलंय. तिकडं कोणी बघतंय काय?"

घिवलीच्या आमच्या बाजूला खाडी आणि शेतं यांच्यामध्ये मातीचा लांब बांध आहे. भरतीचं खारं पाणी तो शेतात शिरू देत नाही. बांध सरकारी आहे. त्यावर वेली, काटे आणि झुडपं इतकी वाढली होती की माती दिसत नव्हती. गवत कापायचं यंत्र उतारावरून घसरायचं. मजूर घोणसाच्या भीतीने आत पाय घालत नव्हते. औषध मारावं तर खाली चाळीस घरांची शेतं. म्हणून रान वाढतच होतं.

दिवाळी झाल्यावर मी अर्ज लिहिला आणि कोळगावला जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. तिथे बांधांची कामं बघणाऱ्या इंजिनियर मेघाली मॅडम होत्या, माझ्या तेजलपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"काका, त्या बांधाच्या आतल्या बाजूला गेल्या वर्षी शाळेच्या मुलांनी दोनशे रोपं लावलीत. उंडी आणि भेंडीची, भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठचं झाड. प्रत्येक रोपाला मुलाच्या नावाची पाटी आहे. तुमच्या शेळ्या आधी तीच खातील."

"नाय खाणार."

"कशावरून?"

मी म्हटलं, "आमची जबाबदारी."

त्यांनी अर्जाची घडी घातली. मग म्हणाल्या, "सोमवारपासून एका तुकड्यावर करून दाखवा. शुक्रवारी मी येते. रोपं टिकली तर सगळ्या बांधाची परवानगी देते. नाही टिकली तर पुन्हा विचारू नका."

गावात बातमी माझ्याआधी पोचली. ग्रामपंचायतीतला अण्णा पारावर बसूनच म्हणाला, "विश्रामदादा, बकऱ्यांना सरकारी कामाला लावलंस. आता मांजरांना वाडी शिंपायला ठेव."

घरी जमनाने उपाय आधीच ठरवला होता. "लेंड्या भिजवायच्या, कालवायच्या नि रोपांना फासायच्या. आपल्या घाणीला बकरी तोंड लावत नाय. माझी आय परसातल्या रोपांना हेच करायची."

मला ते पटेना. म्हणजे, शेळी तोंड लावणार नाही हे पटलं होतं, पण पोरांच्या नावांच्या पाट्या लावलेल्या रोपांना लेंड्या फासायच्या, आणि तिथे कोळगावहून मॅडम येऊन उभ्या राहायच्या, याची लाज वाटली.

"आंब्याच्या आळ्यात टोपल्या ओतता तवा लाज नाय वाटत तुमाला," जमना म्हणाली.

मी ऐकलं नाही. मी गेलो माईकडे. माई आमच्या शेजारच्या आळीतली, घरच्या दोन बोटी, सुक्या मासळीचा मोठा धंदा. तिच्याकडून जुनी जाळी आणायची होतीच, बांधाच्या तुकड्याभोवती ताणून कुंपण करायला. मी म्हटलं, "खारवलेली मासळी धुतलेलं पाणीही दे दोन पिंपं." माझा हिशेब सरळ होता. पाला खाणारं जनावर, मासळीच्या वासाने लांब पळेल.

"जाळी ने रे विश्रामा," माई म्हणाली. "पण पाणी कशाला? बकऱ्यांना कालवण वाढतोस काय?"

सोमवारी आम्ही जाळी ताणली. जमनाने कोयता घेऊन आधी घाणेरी तोडून काढली, ती शेळीच्या पोटात गेली तर शेळी आजारी पडते. मी त्या तुकड्यातल्या साठ रोपांवर मासळीचं पाणी शिंपडलं. मंगळवारी दव वाळल्यावर, नऊच्या सुमाराला, कळप आत सोडला. ओल्या पाल्यावर जमना कधी शेळी सोडत नसे.

शेळ्या कामाला लागल्या. शेळी गाईसारखी खाली मान घालून चरत नाही. ती आधी वर बघते. मागच्या पायांवर उभं राहून त्यांनी वेली ओढल्या, काट्यांमधून ओठ घालून पानं काढली. तासाभरात बांधाच्या खांद्यावर ऊन पडायला लागलं. मी खूश होऊन विडी पेटवली.

तेवढ्यात चांदी नावाची पुढारी शेळी एका भेंडीच्या रोपाजवळ गेली. तिने पान हुंगलं. मग चाटलं. मग पुन्हा चाटलं, आणि शेंड्यापासून रोप ओरबाडून खाल्लं. तिचं बघून बाकीच्या धावल्या. आम्ही दोघांनी काठ्या घेऊन त्यांना बाहेर काढेपर्यंत अकरा रोपं गेली होती.

जमना ओरडली नाही. काठी टेकून उभी राहिली आणि विचारलं, "गोठ्यात मिठाचा खडा कोण टांगतो?"

"मी."

"बकऱ्या काय करतात त्याला?"

"चाटतात."

"मग."

वास उन्हात उडून गेला होता. मीठ पानांवर राहिलं होतं. पन्नास वर्षं शेळ्यांत काढून मी त्यांना मीठ लावलेला पाला वाढला होता.

संध्याकाळी अण्णा आला. या वेळी तो चेष्टा करायला आला नव्हता, मदतच करायला आला होता. म्हणाला, "दादा, अकरा फांद्या आणून खोचून ठेव. पाट्या हायतच. शुक्रवारपर्यंत हिरव्या राहतील. मॅडम काय मुळं उपटून बघणार हाय?"

मी विचारात पडलो, हे खरं सांगतो. कळप जाणार होता तो माझ्या चुकीने.

जमना चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "बकरीने खाल्लं ते बकरीचं. फांदी खोचली तर ते आपलं. मला नाय चालणार."

बुधवारी सकाळी तिने लेंड्यांचं पिंप कालवलं. नारळाच्या सोडणाचा, वरच्या सालीचा, कुंचला केला. आधी गोड्या पाण्याने रोपांवरचं मीठ धुतलं आणि मग एकेक पान, खालून वरून, फासत गेली. तिचे गुडघे तेव्हाही दुखायचे. उतारावर ती बसून सरकत होती. मी पाणी वाहून देत होतो. गुरुवारी दुपारी एकोणपन्नासावं रोप झालं. कळप दोन दिवस गोठ्यातच होता.

शुक्रवारी मेघाली मॅडम जीपने आल्या, हातात काळी छत्री. त्यांनी नमस्कार करायच्या आत मी सांगून टाकलं, "मॅडम, अकरा रोपं गेली. चूक माझी. मी मासळीचं खारं पाणी मारलं."

त्यांचा चेहरा पडला. "काका, मी काय म्हटलं होतं?"

"पुन्हा विचारू नका म्हणालात. मी विचारत नाय."

जमना पुढे आली. "बाय, तू एवढी लांबून आलीस. आता आलीस तर डोळ्यांनी बघून जा." आणि तिने जाळीचं तोंड उघडलं.

दोन दिवसांच्या अर्धपोटी तेहतीस जनावरांनी आत उडी घेतली. मॅडम उन्हात उभ्या राहिल्या. मी चांदीकडे बघत होतो, मला दुसरं काही दिसत नव्हतं. ती सरळ भेंडीच्या एका रोपाकडे गेली. नाक लावलं. फुर्र करून शिंकली, मान झटकली आणि शेजारच्या काट्यात तोंड घातलं. तिच्यामागून आलेल्या तिच्या लेकीने तेच केलं. एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, हुंगून परत फिरली, तीही माघारी काट्यांत. मॅडम दोन तास हलल्या नाहीत. वास येत होता, पण त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही.

पाला उतरत गेला तशी बांधाची माती दिसायला लागली. आणि खाडीच्या बाजूला, वेलींच्या जाळीमागे, एक बीळ दिसलं. खेकड्याने सुरू केलं असेल, उंदरांनी वाढवलं असेल. मॅडम खाली उतरल्या आणि त्यांनी मिटलेली छत्री त्यात घातली. छत्री मुठीपर्यंत आत गेली. पलीकडे आमची वालाची शेतं होती.

"पौर्णिमा कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी," जमना म्हणाली. "मोठी भरती."

मॅडमनी तिथूनच फोन लावला. शनिवारी चिकणमातीचा ट्रक आला. पुढचे तीन दिवस कळप पुढे आणि मजूर मागे, असं काम चाललं. शेळ्या बांध उघडा करत होत्या, माणसं बिळं शोधून ठोकून भरत होती. आणखी चार बिळं निघाली. मंगळवारी भर दुपारी त्रिपुरी पौर्णिमेची भरती चढली. सगळं गाव बांधावर उभं होतं. पाणी माथ्याच्या खाली वीतभर येऊन थांबलं, बराच वेळ तिथेच राहिलं आणि उतरलं. शेतात थेंब आला नाही.

अण्णा माझ्या शेजारी उभा होता. मी म्हटलं, "मांजरं कधी आणू?" तो म्हणाला, "वहिनीला विचारून आण."

परवानगीचा कागद करताना मॅडमनी विचारलं, "कळप कुणाच्या नावावर घालू?" मी म्हटलं, "जिचा आहे तिच्या." दोन वर्षांची मुदत, दर वर्षी कार्तिक ते माघ, पूर्ण बांध, श्रीमती जमना विश्राम चुरी, असा कागद झाला. त्यावर जमनाने अंगठा दिला. मग अकरा रोपं आणून तिने स्वतः लावली, आणि शाळेत जाऊन त्या अकरा पोरांना सांगून आली की तुमचं झाड आमच्या बकरीने खाल्लं, आता नवीन लावलंय, येऊन बघा. पोरं आली. त्यांना झाडांपेक्षा करडंच जास्त आवडली.

पुढच्या वर्षी किनाऱ्यावरच्या दोन गावांची माणसं आमचं काम बघायला आली. जमनाने त्यांना पिंप कसं कालवायचं ते दाखवलं. एकाने विचारलं, हे कुठं शिकलात. ती म्हणाली, "आयकडं." त्या गावांच्या बांधांवरही आता शेळ्या चरतात. आमचा बांध इतका स्वच्छ आहे की त्यावरून शाळेची पोरं सायकली नेतात. व्यापारी परत आला नाही. कळप एकेचाळीसवर गेला.

दोन हजार चोवीसच्या कार्तिकात कागद नव्याने करायचा होता. मी कोळगावला गेलो आणि मेघाली मॅडमना म्हटलं, नाव तेच राहू दे. त्या म्हणाल्या, "तसं ठेवता येत नाही काका. तुमचं नाव घालावं लागेल, आणि कारण लिहावं लागेल." त्यांनी पेन दिलं. मी लिहिलं:

जमना विश्राम चुरी, वय अडुसष्ट, ६ मार्च २०२४ रोजी, बुधवारी सकाळी, राहत्या घरी वारली.