ब्रदर प्रुइटची पेटी

बर्फ भुरभुरत होता आणि चर्चमागच्या माळावर सगळं गाव बंदुका घेऊन उभं होतं. वायोमिंगमधल्या आमच्या खोऱ्यात एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आधी काडतुसांना आशीर्वाद देतात. यंदा आशीर्वाद द्यायला नवे धर्मोपदेशक ब्रदर प्रुइट आले होते, आणि त्यांच्याबरोबर देवदाराची एक पेटी.

तिपाईवर गोळीचा वेग मोजायचं यंत्र ठेवलेलं. आधी माणसाने गाडीच्या टपावर गारठलेलं आपलं काडतूस झाडायचं. मग त्याचंच दुसरं काडतूस, पण ब्रदरच्या पेटीतून निघालेलं. आकडा सेकंदाला शंभर फुटांनी वर जायचा आणि गर्दीतून हुंकार उठायचा.

"दारू तीच, गोळी तीच," ब्रदर डोळे मिटून सांगायचे. "वाढला तो विश्वास. वेग देवाचा, बंधूंनो, दाब सैतानाचा. माझ्या पेटीत सैतानाला जागा नाही."

आमच्याकडे हे ऐकून माणूस का विरघळतो, ते सांगायला हवं. इथे काडतुसं घरीच भरतात, हिवाळ्यातली शेकोटीची करमणूक असावी तशी. चिमूटभर दारू जास्त घातली की गोळी पुढे पळते, पण बंदुकीच्या पोटात दाबही चढतो. बोल्ट, म्हणजे बंदुकीची मागची खिट्टी, उघडताना जड लागला, काडतुसाच्या बुडाची टिकली चपटी दिसली, की शहाण्याने तिथे थांबायचं. दाबाशिवाय वेग म्हणजे बाळंतपणाशिवाय मूल.

माझा थोरला भाऊ हार्लन असाच शहाणा होता. पण मागच्या हंगामात त्याने जखमी केलेली एक मादी ओढ्यापलीकडे निसटली आणि दिवसभर रडत राहिली. हार्लनचा गुडघा गेलेला, त्याला जवळ जाता येईना. दुरूनही एका गोळीत सुटका व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून त्याने कडाक्याच्या थंडीतल्या सकाळी गोठ्यामागे बसून काडतुसं झाडून तपासली आणि दारू दाबाच्या अगदी कडेपर्यंत भरली. थंडीत ती बंदुकीला सोसवत होती.

माळावर त्याची पाळी आली तेव्हा पेटीतलं काडतूस त्याने लावलं, गाल टेकवला, चाप ओढला. आवाज वेगळा आला, कोरडा. पितळ मागून फाटलं आणि आग उलटी त्याच्या चेहऱ्यावर आली. त्याची बायको लोर्ना त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि बर्फ तांबडा होत गेला. त्याची उरलेली काडतुसं मी ब्रदरच्या पेटीतून उचलून हार्लनच्या डब्यात टाकली. कोंबडीखालून काढलेल्या अंड्यांसारखी ती हाताला ऊबदार लागली. तेव्हा रडण्याच्या भरात ते माझ्या ध्यानात आलं नाही.

उजवा डोळा गेला. ब्रदर दवाखान्यात आले, उशाशी बसले आणि हळुवारपणे म्हणाले, "बंधू, तुझ्या मनात शंका होती."

हार्लनने ते मनाला लावून घेतलं. घरी आल्यावर खिडकीकडे पाठ करून बसायचा, जेवणाआधीची प्रार्थनाही म्हणेना. देवाने मला बघून तोंड फिरवलं, म्हणायचा. मग ब्रदरनी उपाय सांगितला. हंगाम संपायच्या रविवारी लोर्नाने आपल्या बंदुकीतून तीच उरलेली काडतुसं, त्याच पेटीतून घेऊन, सगळ्यांसमोर झाडायची. घराची शंका धुऊन निघेल. लोर्ना हो म्हणाली. नवऱ्याने मान वर करावी म्हणून ती विस्तवावरही चालली असती.

मी तिच्या हाताला धरून खूप विनवलं. ती म्हणाली, "मग त्याला हसवून दाखव. नाहीतर मला जाऊ दे."

त्या रात्री चुलीवरच्या किटलीला हात लागला आणि मला ती अंडी आठवली.

रविवारी लोर्नाच्या आधी मी पुढे झाले. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. समोरचे निम्मे दाढीवाले माझेच जुने विद्यार्थी. माझी काडतुसं बेताने भरलेली, निम्मी गरम पाण्याच्या रबरी पिशवीवर निजवून आणलेली. मी सांगितलं की या निम्म्यांना मी वाटभर शिव्या दिल्या आहेत.

"कसल्या शिव्या, मिस ओडेल?" त्यांच्यातल्या क्लेटनने विचारलं.

"नववीत तुला दिल्या होत्या, त्याच."

शिव्या खाल्लेली काडतुसं पेटीतल्यांइतकीच वेगाने पळाली. मग मी ब्रदरना हात जोडले, उरलेल्यांना मनापासून आशीर्वाद द्या म्हटलं. नाही म्हणायची सोय नव्हती. आशीर्वाद झाल्यावर एक स्तोत्र गाऊन होईपर्यंत मी ती बर्फात ठेवली. आकडा खाली आला, साध्या गार काडतुसांच्या शेजारी जाऊन बसला.

मी पेटीतली मेंढीची कातडी उचलली. तळाशी चर्चच्या शेगडीवर तापवलेला दगड होता. क्लेटनने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"दमट हवा लागू नये म्हणून ठेवतो," ब्रदर म्हणाले. कोणी हसलं नाही. माणसं एकेक करून आपली काडतुसं घेऊन निघून गेली. लोर्नाने बंदूक रिकामी केली.

दुपारी स्वयंपाकघरात मी हार्लनला सगळं सांगितलं. दारू तापली की भराभर जळते, भराभर जळली की दाब चढतो. इतरांच्या काडतुसांत जागा शिल्लक होती, तुझ्या नव्हती.

तो म्हणाला, "म्हणजे देव रागावला नव्हता."

"नाही रे."

"पाप असतं तर क्षमा मागितली असती. उन्हाळ्याचा विचार न करता हिवाळ्यात काडतूस भरलं, याची क्षमा कोणाकडे मागू?"

फसवणाऱ्याने दगड लपवला होता, पण कडेपर्यंत भरणारा हात माझ्या भावाचा होता, आणि त्या हातात एका मुक्या जनावराची दया होती.

तुम्हाला एवढंच विनवते. फुकटात मिळालेला वेग कोणी दाखवला तर त्याचा दाब कुठे गेला, ते विचारा. विचारल्याने श्रद्धा मरत नाही, माणूस वाचतो. आणि कोणी जखमी झाला तर त्याच्या मनात शंका होती का, हे त्याच्या उशाशी बसून विचारू नका.

लोर्नाने उरलेली काडतुसं टेबलावर ठेवली. हार्लनने चाचपून एक उचललं, पकडीने गोळी उपसली आणि आतली दारू बशीत ओतली. मग दुसरं घेतलं. त्याचा हात चुकला की लोर्ना बशी सरकवत होती.