बायकोला न्यायला आलेली गाडी

नवऱ्यानं स्वतःच्या हातानं गाडी दुरुस्त करून द्यायची आणि त्याच गाडीत बसून बायकोनं त्याला सोडून जायचं! असला प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये. पण आला, आणि तोही आमच्या कानसेनवर.

कानसेन म्हणजे गॅरेजवाला. बॉनेट उघडायच्या आधी नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायचा, म्हणून गिऱ्हाइकांनी हे नाव पाडलं आणि तीस वर्षं त्यानं ते मिरवलंही. त्या सकाळी त्याचा मेहुणा बहिणीला न्यायला आला तो चढावर धापा टाकतच. टर्बोची गाडी, पण पाय कितीही दाबला तरी ओढ नाही आणि मागून काळा धूर. "भाऊजी, ताईला घेऊन परत ही गाडी तो चढ काही चढणार नाही," तो ओशाळून म्हणाला.

बायको आत बॅग भरत होती. किती दिवसांसाठी, तर "बघू." आणि का, ते कानसेनला काही केल्या कळेना. तीन महिने झाले, बाई बोलतच नव्हती. ताट वाढलंय, गॅस संपलाय, एवढं कामापुरतं, बाकी तोंडात मिठाची गुळणी. पूर्वी तिचा पट्टा अखंड चालू असायचा, कधी एकदा थांबतेय असं त्याला व्हायचं, आणि आता थांबला तर घर खायला उठलं होतं. हे सुरू झालं एका बुधवारपासून, एवढं त्याला आठवत होतं. त्या दिवशी ती एकटीच शहरात गेली होती, खरेदीला असेल, आणि परत आली ती रिकाम्या हातानं. आपलं चुकलं काय? दारू नाही, लफडं नाही, हात उगारणं तर लांबच. विचारायला जावं तर ती अशी बघायची की तो आल्या पावली परत फिरायचा.

तर गाडी. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. मधल्या पाइपांत कुठे फट पडली की ती हवा वाटेतच पळते आणि गाडीचा जीव जातो. शोधायची रीत सोपी आहे. टर्बोच्या तोंडाला बूच बसवायचं, त्यातून कॉम्प्रेसरची हवा भरायची, कॉम्प्रेसर बंद करायचा आणि कुठून सूं होतंय ते ऐकायचं. बाकीचे लोक साबणाचं पाणी मारून फुगे बघतात. कानसेनला त्याची भारी चीड. "फवारत काय बसायचं? देवानं कान कशाला दिलेत?" आणि त्याच्या गॅरेजचा कडक नियम होता, तो ऐकत असताना कुणी तोंड उघडायचं नाही. पंखा बंद, रेडिओ बंद, खोकायचं तर बाहेर जाऊन.

हवा भरली. प्रेशरचा काटा पंधरावर गेला. कॉम्प्रेसर बंद करून त्यानं कान लावला. सगळं शांत. आणि काटा बघतो तर बारा, दहा, आठ!

"आता काय म्हणावं याला!" तो पुटपुटला. हवा जातेय तर आवाज नको?

काटाच बिघडलाय म्हणून दुसरा लावला. तोही उतरला. बुचाभोवती थुंकी लावून पाहिली, घट्ट होतं. ऑइलचं झाकण काढून तिथे ऐकलं, गाडीखाली आडवा होऊन ऐकलं. पुन्हा हवा भरली, पुन्हा ऐकलं. मध्येच मेहुण्यानं हात वर केला. "भाऊजी, मला वाटतं..."

"श्श!"

थोड्या वेळानं मेहुण्यानं बोटानं खाली दाखवायचा प्रयत्न केला, तर कानसेननं असे डोळे वटारले की बिचारा टायरवर जाऊन बसला.

दुपारपर्यंत कानसेनच्या डोक्याचा भुगा झाला. एक मन म्हणे, नाहीच सापडलं तर बरं, ती जाणार तरी नाही. दुसरं म्हणे, बायको तर चाललीच, आता धंद्यातली अब्रूही घालव. हवा का जातेय ते कळेना, बायको का जातेय तेही कळेना.

तेवढ्यात ती बॅग घेऊन दारात आली. नियम तिला पाठ होता, तरी ओरडलीच. "अहो, बंद करा ना ती शिट्टी! सकाळपासून डोकं उठलंय."

"कुठली शिट्टी?"

"चेष्टा करताय का?"

"अगं, आईशप्पथ, कुठली शिट्टी?"

आता मेहुण्याला राहवेना. "भाऊजी, तेच तर सांगत होतो! केवढ्यानं वाजतेय."

तिनं बॅग खाली ठेवली, वाकली आणि सरळ बोट ठेवलं. "ही काय, इथे." खालच्या पाइपाची क्लिप होती. कानसेननं जन्मात पहिल्यांदा साबणाचं पाणी मागितलं आणि तिथे ओतलं. फुगे आले, एकावर एक, चांगले लिंबाएवढे. त्यानं पाइपाजवळ कान नेला. कानाला गार वारा लागत होता. आवाज मात्र नव्हता.

तो तसाच खाली फरशीवर बसला. गॅरेजात सगळेच ओरडून बोलतात, तिथे कान गेलेला कुणाला काय कळणार?

"तू माझ्या मागून बोलतेस का कधी?" त्यानं विचारलं. "मी पाठमोरा असताना?"

"मग? स्वयंपाक सोडून दर वेळी समोर येऊन उभी राहू?"

"मला वाटलं, तू बोलणंच सोडलंस."

"मी सोडलं?" तिचा आवाज चढला. "पंधरा दिवस सांगत होते, भीती वाटतेय, सोबत चला. हं नाही की हूं नाही. शेवटी एकटी गेले. त्या बुधवारी आल्या आल्या सांगितलं, गाठ साधी निघाली. तुम्ही बेसिनवर हात धूत होतात. वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. टॉवेल घेतलात आणि निघून गेलात! मग कुणाशी बोलायचं आणि कशाला?"

"कसली गाठ?" कानसेन म्हणाला.

ती काही तरी फाडकन बोलणार होती, पण त्याच्या तोंडाकडे बघून थांबली. मेहुणा हळूच उठून बाहेर गेला. बॅग होती तिथेच राहिली. तिनं तो टायर ओढला, त्याच्या अगदी समोर बसली आणि एकेक शब्द सुटा करत, मोठ्यानं, पहिल्यापासून सांगायला लागली.

"माझ्या छातीत गाठ लागली होती. ऐकू येतंय?"

"येतंय," कानसेन म्हणाला आणि तेलकट हातांनी तोंड झाकून रडायला लागला.